कॉटबुसर टोर ते झोननआले: बर्लिनच्या क्रॉयत्सबेर्ग-नॉयकोल्नमध्ये पहिला दिवस कसा काढावा

बर्लिनला निघालेल्या माणसाला क्रॉयत्सबेर्ग आणि नॉयकोल्नबद्दल दोनच सल्ले मिळतात: 'तिथे गेल्याशिवाय परत येऊ नका' आणि 'तिकडे फिरकू नका'. दोन्ही सल्ले देणारी माणसं बहुधा एकाच चौकाबद्दल बोलत असतात, फक्त एकाने तो सकाळी अकराला पाहिलेला असतो आणि दुसऱ्याने रात्री दोनला. नवखा माणूस इथे घाबरतो तो बागेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या गांजाविक्यांना. त्याचे पैसे मात्र जातात तिकिटावर शिक्का न मारल्यामुळे, आणि शिव्या बसतात सायकलच्या पट्टीवर उभं राहिल्यामुळे. म्हणून या लेखात भीतीपेक्षा तिकिटाला जास्त जागा दिली आहे.

आधी नकाशा डोक्यात बसवा

दोन्ही भाग शहराच्या मध्यापासून दक्षिण-पूर्वेला आहेत. आपल्याला जिथे फिरायचं आहे तिथे दोघांच्या मधून लांडवेअर कालवा वाहतो. उत्तरेचा काठ क्रॉयत्सबेर्गचा, दक्षिणेचा नॉयकोल्नचा. क्रॉयत्सबेर्गचेही पुन्हा दोन तुकडे आहेत आणि लोक ते आजही जुन्या टपाल क्रमांकांनी ओळखतात: पूर्वेचा 36 आणि पश्चिमेचा 61. '36 पेटतो, 61 झोपतो' अशी तिथली जुनी म्हण आहे. ते क्रमांक टपालखात्यातून केव्हाच गेले, पण भिंतींवर आणि टी-शर्टांवर 36 दिसतोच. तुम्हाला जायचंय ते या 36 मध्ये.

हा भाग असा का झाला हे दोन तारखांवरून कळतं. ऑगस्ट 1961 मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि 36 तीन बाजूंनी कोंडला गेला. शहराच्या मध्याजवळची वस्ती एका रात्रीत कडेची झाली. 30 ऑक्टोबर 1961 ला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. भिंतीला लागून असलेल्या, पुढेमागे पाडायच्याच म्हणून दुरुस्ती थांबलेल्या चाळवजा इमारतींमध्ये भाडं कमी होतं. तिथे आधी तुर्की कामगार आले, मग विद्यार्थी, आणि 1980 च्या आसपास रिकामी घरं बळकावून राहणारी तरुण मंडळी. 1989 मध्ये भिंत पडली आणि ही कडेची वस्ती पुन्हा शहराच्या मधोमध आली. भाडी चढली ती तेव्हापासून. चाकांच्या बॅगा खडखडवत जाणाऱ्या पाहुण्यांवरचा राग खांबांवरच्या स्टिकरांवर वाचायला मिळतो, त्याचं मूळ इथे आहे.

पत्ता शोधताना दोन गोष्टी नवख्याला नडतात. पहिली, घरांचे क्रमांक. बर्लिनच्या बऱ्याच जुन्या रस्त्यांवर सम-विषम अशी वाटणी नसते. क्रमांक एका बाजूने 1, 2, 3 असे रस्त्याच्या टोकापर्यंत जातात आणि दुसऱ्या बाजूने घोड्याच्या नालेसारखे परत येतात. त्यामुळे ओरानियनश्ट्रासवर एकआकडी-दोनआकडी घरांच्या समोर 190 च्या आसपासची घरं येतात. कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या पाटीवर त्या तुकड्यातले क्रमांक लहान आकड्यांत लिहिलेले असतात, ते वाचायची सवय लावा. दुसरी, बदललेली नावं. हाइनरिखप्लात्स हा चौक 2022 पासून रिओ-रायझर-प्लात्स झाला, पण जुनी माणसं रस्ता सांगताना जुनंच नाव घेतात. आणि पाट्यांवर इंग्रजी बीसारखं दिसणारं अक्षर 'स्स' असं वाचा, म्हणजे स्टेशनांची नावं ऐकू येतील तशी जुळतील.

वार ठरवा, मग बाकीचं

मंगळवार किंवा शुक्रवार. या दोन दिवशी कालव्याकाठी मायबाखउफरवर तुर्की बाजार भरतो, 11 ते संध्याकाळी 6:30. शुक्रवारी गर्दी जास्त; मुलं किंवा वयस्कर सोबत असतील तर मंगळवार बरा. शनिवारी त्याच काठावर कापडाचा बाजार असतो, तोही चांगला, पण भाजी-फळं-खाणं यांची खरी रेलचेल मंगळवार-शुक्रवारचीच.

रविवारी जर्मनीत कायद्याने दुकानं बंद असतात, किराण्याचीसुद्धा. हॉटेलं, कॅफे, काही बेकऱ्या तेवढ्या उघड्या. कोपऱ्यावरची छोटी रात्रदुकानं, ज्यांना तिथे 'श्पेटी' म्हणतात, रविवारी बऱ्याचदा अर्धं शटर वर करून चालू असतात, पण त्यांच्या भरवशावर स्वयंपाकाचा बेत करू नका. शनिवारी संध्याकाळीच दूध, पाव, फळं घेऊन ठेवा.

दोन दिवस मुद्दाम टाळण्याजोगे आहेत. 1 मे: 1987 साली या दिवशी क्रॉयत्सबेर्गमध्ये मोठी दंगल झाली आणि तेव्हापासून दरवर्षी मोर्चे, पोलिसांचा फौजफाटा आणि त्याबरोबर रस्त्यावरची जत्रा हे सगळं एकत्र चालतं. दुपारची जत्रा मजेची असते. अंधार पडल्यावर मोर्चाच्या वाटेवर थांबू नका, आणि गाड्या काही स्टेशनांवर न थांबता जातात हेही धरून चाला. दुसरा 31 डिसेंबर. त्या रात्री नॉयकोल्नच्या झोननआले या रस्त्यावर आणि आसपास फटाके आकाशाऐवजी आडवे उडवले जातात. त्या वेळी हौस खोलीच्या खिडकीतून भागवलेली बरी.

रमजानचा महिना मात्र अवश्य गाठा. दिवसा नेहमीसारखंच असतं. सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून नॉयकोल्नच्या बेकऱ्यांपुढे रांगा लागतात आणि रात्री उशिरापर्यंत मिठाईची दुकानं उघडी असतात.

मुक्काम

कॉटबुसर टोर चौकाच्या अगदी वर किंवा ओरानियनश्ट्रासवर रस्त्याकडेची खोली घेऊ नका. झोप मिळणार नाही. त्याऐवजी कालव्याच्या दक्षिणेचा रॉयटरकीत्स किंवा त्याच काठावर त्याच्या पश्चिमेचा ग्रेफकीत्स पाहा ('कीत्स' म्हणजे आपल्याकडची आळी किंवा पेठ म्हणा). दोन्हीकडून चौक चालत वीस मिनिटांच्या आत. जुन्या इमारतींत पुढचं घर, बाजूची ओळ आणि मागच्या अंगणातलं घर असे भाग असतात; मागच्या अंगणातली खोली शांत, पण अंधारी. लिफ्ट आहे का हे विचारल्याशिवाय चौथा मजला घेऊ नका.

सदनिका भाड्याने घेत असाल तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का बघा. घरं पर्यटकांना देण्यावर बर्लिनमध्ये 2014 पासून निर्बंध आहेत. खोलीच्या भाड्यावर 7.5 टक्के शहरकर लागतो, तो किमतीत धरलाय की वर घेणार, हे आधी विचारून घ्या. आणि सर्वात कामाचा प्रश्न: दाराच्या घंटीवर कोणतं नाव आहे? बर्लिनमध्ये घरांना सहसा खोली क्रमांक नसतो, फक्त आडनाव असतं. ते माहीत नसेल तर रात्री अकरा वाजता तीस आडनावांच्या पाटीपुढे सामान घेऊन उभं राहावं लागतं.

विमानतळ आणि तिकीट: इथे लक्ष द्या

तिकिटाच्या हिशोबाने बर्लिनचं विमानतळ सी विभागात आहे आणि शहर ए-बी मध्ये. म्हणजे विमानतळावरून निघताना एबीसी तिकीट लागतं (5 युरोच्या आसपास). बरेच जण स्वस्त दिसतं म्हणून एबी घेतात आणि पहिल्याच प्रवासात सापडतात. दंड 60 युरो. 'मी आजच आलोय' हे कारण तपासनिसाने दिवसभरात वीसदा ऐकलेलं असतं.

नॉयकोल्नला जायचं तर एक्स-7 बस घेऊन रुडो या स्टेशनला या आणि तिथून यू-7 भुयारी गाडीने हर्मानप्लात्सला उतरा. सामान घेऊन फक्त एकदा बदलावं लागतं.

शहरात फिरताना:

1. एबी तिकीट (4 युरोच्या आसपास) दोन तास चालतं, पण एकाच दिशेने. बदलून दुसरी गाडी घेता येते. जाऊन परत त्याच वाटेने येता येत नाही.
2. छोट्या पल्ल्याचं तिकीट वेगळं असतं: भुयारी गाडीची 3 स्टेशनं किंवा बसचे 6 थांबे. भुयारी गाडी बदलली तर चालते, बस बदलली तर नाही.
3. यंत्रातून कागदी तिकीट घेतलं की फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाही. स्टेशनांना फाटकं नाहीत, त्यामुळे कोणी अडवत नाही आणि विसर पडतो.
4. मोबाइलवर घेतलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही, पण ते गाडीत चढण्याआधी घेतलेलं असावं. तपासनीस दिसल्यावर घेतलं तर त्यावरची वेळच चुगली करते. आणि फोनची बॅटरी संपली तर ती तुमची अडचण.

तपासनीस साध्या कपड्यांत असतात. दारं बंद झाल्यावर ओळखपत्र काढून तिकीट मागतात. दंड जागेवर रोख भरायचा आग्रह कोणी धरला तर पावतीशिवाय पैसे देऊ नका. लेखी नोटीस मागा आणि नंतर भरा.

खिशात काय, आणि काय नाही

रोख 40-50 युरो, सुट्ट्या नोटांत. 'नूर बारत्सालुंग' अशी पाटी दिसली की फक्त रोख. काही ठिकाणी कार्ड चालतं, पण फक्त जर्मन बँकांचं. एटीएम बँकेच्या शाखेतलं वापरा; रस्त्यावरच्या किंवा श्पेटीच्या दारातल्या यंत्रात जास्त शुल्क लागतं. यंत्राने 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' असं विचारलं की नाही म्हणा. 50 सेंटची दोन-तीन नाणी वेगळी ठेवा, स्वच्छतागृहासाठी.

पासपोर्ट जवळ असू द्या. कॉटबुसर टोर, गोर्लित्सर पार्क, हर्मानप्लात्स यांसारख्या ठिकाणी बर्लिन पोलिसांना ठोस संशय नसतानाही ओळखपत्र तपासण्याचा अधिकार आहे. सावळ्या माणसांना जास्त वेळा थांबवलं जातं, ही तक्रार तिथे वर्षानुवर्षं होते आहे. थांबवलं तर हात दिसतील असे ठेवा, शांतपणे कागद द्या, कारण विचारायला हरकत नाही.

चाकू मात्र नको. फळं चिरायला प्रवासात छोटा चाकू बाळगायची आपल्याकडे अनेकांना सवय असते. 2025 पासून कॉटबुसर टोर आणि गोर्लित्सर पार्कच्या परिसरात आणि शहराच्या सार्वजनिक वाहनांतही चाकूबंदी आहे. तो खोलीवरच ठेवा.

चालायला निघा

एकूण सात-आठ किलोमीटर आणि थांबे धरून पूर्ण दिवस. बूट चांगले हवेत. फरसबंदीचे दगड उंचसखल आहेत.

1. सकाळी दहाच्या सुमारास वॉरशाउअर श्ट्रास स्टेशनवर यू-1 किंवा यू-3 मध्ये बसा आणि उजव्या-डाव्या खिडकीचा विचार न करता उभे राहा. ही शहरातली सर्वात जुनी भुयारी मार्गिका, 1902 ची, पण इथे ती खांबांवरून धावते: आधी नदीवरचा ओबरबाउमब्रुक पूल, मग घरांच्या दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून. तिसऱ्या स्टेशनला, कॉटबुसर टोरला उतरा. छोट्या पल्ल्याचं तिकीट बरोबर पुरतं.

2. खाली येताना जिन्यावर रेंगाळू नका. स्टेशनाच्या आत आणि पायऱ्यांवर नशा करणारे, कधी अंमलाखाली झोपलेले लोक दिसतील. ते स्वतःतच असतात. पैसे मागितले तर 'नाइन, लाइडर' (नाही, माफ करा) एवढं पुरे. टक लावून पाहू नका, फोटो काढू नका, सुया पडलेल्या दिसल्या तर पाय जपा. कोणी बेशुद्ध वाटला, श्वास नीट चालत नसेल, तर 112 लावा. चौकाबाहेर पडलात की वर्तुळाकार वळलेली, रस्त्यावरून पुलासारखी जाणारी अजस्र इमारत दिसेल: 1970 च्या दशकात बांधलेलं क्रॉयत्सबेर्ग सेंटर. तिच्याखालून आडालबेर्टश्ट्रासवर शिरा.

3. थोड्याच अंतरावर, 95ए क्रमांकाच्या आवारात या भागाचं संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. घरबळकाव्यांची पत्रकं, स्थलांतरितांच्या मुलाखती, गल्ल्यांचे नकाशे असं सगळं आहे. इथला एक तास पुढच्या सहा तासांना अर्थ देतो, म्हणून आधी हे. मात्र आठवड्याच्या मधल्या वारी ते दुपारीच उघडतं. बंद दिसलं तर पुढचा टप्पा उरकून परत या.

4. ओरानियनश्ट्रास ओलांडून सरळ उत्तरेला चालत राहा, मग उजवीकडे मारियानेनप्लात्स. तिथली पिवळसर, दोन मनोऱ्यांची इमारत म्हणजे बेथानियन, 1847 चं रुग्णालय. 1970 मध्ये ते बंद झालं, पुढच्याच वर्षी त्याच्या एका भागावर तरुणांनी ताबा मिळवला. आता तिथे कलावंतांचे वर्ग आणि प्रदर्शनं असतात. बेथानियनच्या मागे, टोमास चर्चजवळ, फळकुटं आणि जुन्या फर्निचरची जोडलेली एक दुमजली खोपटी आहे. भिंत बांधताना पूर्व जर्मनीने वळण वाचवलं आणि स्वतःच्याच जमिनीचा एक त्रिकोण पश्चिमेकडे सोडून दिला. ओस्मान कालिन नावाच्या निवृत्त तुर्की कामगाराने 1980 च्या दशकात तिथे कांदा-लसूण लावला आणि हळूहळू घर उभं केलं. पूर्वेचे सैनिक येऊन बघून गेले आणि त्याला राहू दिलं. कुंपणाबाहेरूनच बघा, ते कुटुंबाचं आहे.

5. परत ओरानियनश्ट्रासवर या. पुस्तकांची दुकानं, जुन्या रेकॉर्डी, 190 क्रमांकाला 1978 पासूनचा एसओ-36 हा क्लब. दुपारी बाहेरून फक्त काळं दार दिसतं. काही राहिलंय असं वाटू देऊ नका.

6. चौकातून दक्षिणेला कॉटबुसर श्ट्रासने पुलापर्यंत, साधारण दहा मिनिटं. पूल ओलांडला की डावीकडे बाजार. आधी रिकाम्या हाताने शेवटापर्यंत जाऊन या, भाव पाहा, मग येताना घ्या. पहिल्या काही टपऱ्यांवर भाव चढे असतात. फळं स्वतः उचलून दाबून बघू नका, मागा. घासाघीस फारशी चालत नाही. मात्र साडेपाचनंतर विक्रेते ओरडायला लागतात आणि पेट्या एक-दोन युरोला जातात. ती फळं त्याच रात्री संपवावी लागतील अशी असतात, हेही लक्षात असू द्या. कापडी पिशवी न्या. दिवसाचा क्रम उलटा करून बाजार शेवटी ठेवायचा मोह होईल, पण खाण्याचे चांगले पदार्थ दोन-तीनपर्यंतच गरम मिळतात.

7. कॉटबुसर डामवरून दक्षिणेला हर्मानप्लात्स, अंतर एक किलोमीटरच्या आत. हा रस्ता गडबडीचा. चालताना लालसर फरसबंदीच्या पट्टीवर जाऊ नका. ती पदपथाचाच भाग वाटते, पण ती सायकलींची आहे. फोटो काढायला एक पाऊल मागे सरकणं हा इथला सर्वात जास्त घडणारा अपघात.

8. हर्मानप्लात्सपासून आग्नेयेला झोननआले. पाट्या अरबी आणि जर्मन दोन्ही. 1970-80 च्या दशकांत लेबनॉनच्या युद्धातून आलेली पॅलेस्टिनी आणि लेबनीज कुटुंबं इथे आधी स्थिरावली, 2015 नंतर सीरियन आले आणि मिठाईची दुकानं वाढली. एखादा किलोमीटर चाला. पाय थकले तर एम-41 बस आहे, पण ती वीस मिनिटं न येता मग एकापाठोपाठ तीन येते, हा शहराचा जुना विनोद आहे.

9. मग उजवीकडे वळून कार्ल-मार्क्स-श्ट्रासच्या दिशेने रिखार्डप्लात्सला या. गजबजाटातून एकदम खेडं लागतं: बैठी घरं, लोहारशाळा, दगडी गल्ली. 1737 मध्ये राजा पहिल्या फ्रीडरिख विल्हेल्मने धर्मछळातून पळालेल्या बोहेमियन प्रॉटेस्टंटांना इथे वसवलं. झोननआलेवरची निर्वासितांची वस्ती या भागातली पहिली नाही, हे या गल्लीत कळतं. या गावाचं नाव तेव्हा रिक्सडोर्फ. पुढे ते दारूच्या गुत्त्यांसाठी आणि धांगडधिंग्यासाठी इतकं बदनाम झालं की 1912 मध्ये नावच बदलून नॉयकोल्न केलं. नाव बदललं, कीर्ती काही फार बदलली नाही.

10. पायांत जोर असेल तर सूर्यास्ताआधी टेम्पलहोफर फेल्ड. 2008 मध्ये बंद झालेलं विमानतळ, 2010 पासून खुलं मैदान; 2014 च्या सार्वमतात शहराने तिथे बांधकामाला नकार दिला. धावपट्टीवर चालता येतं. फाटकं सूर्यास्ताच्या सुमाराला बंद होतात आणि मैदान अफाट आहे, म्हणून पाटीवरच्या वेळेच्या अर्धा तास आधी बाहेरच्या दिशेने वळा.

खाणं, विशेषतः शाकाहारी असाल तर

सर्वात मोठा घोटाळा 'गेम्यूजे केबाप'चा. नावाचा अर्थ भाजीचा कबाब, पण त्यात कोंबडी असते. तळलेल्या भाज्या वरून घालतात. शाकाहारी म्हणून मागायचं असेल तर 'वेगेटारिश' म्हणा आणि वर 'काइन हेन्शन' (कोंबडी नको) असंही जोडा. लाहमाजून पातळ पोळीसारखा दिसतो, त्यावर खिमा असतो. मसुराचं सूप बिनधास्त वाटतं, पण काही ठिकाणी ते मटणाच्या पाण्यात शिजवतात, विचारा.

निश्चिंत होऊन खाण्यासारखं: बाजारात तव्यावर लाटून भाजलेला ग्योझलेमे, आत पालक आणि चीज (आपल्या पराठ्याचा पातळ भाऊ). झोननआलेवर फलाफल, मकाली म्हणजे तळलेलं वांगं-फ्लॉवर पावात गुंडाळून. आणि सुदानी टपऱ्यांवरचं फलाफल, शेंगदाण्याच्या सॉससकट. मराठी जिभेला हे पहिल्याच घासात ओळखीचं लागतं. शेवटी कनाफे, चीज आणि पाकाचा गोड पदार्थ. तो गरमच खायचा, गार झाला की चीज रबरासारखं होतं.

डोनर, म्हणजे पावात भरलेला मांसाचा कबाब, 7-8 युरोंना पडतो. विक्रेता भराभरा तीन सॉस विचारतो: क्रॉयटर (हिरव्या पाल्याचं), क्नोब्लाउख (लसणाचं), शार्फ (तिखट). 'शार्फ' म्हटलं तरी आपल्या हिशोबाने ते मध्यमच. प्रसिद्ध टपरीपुढे तासभर रांग लावण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक सतत असलेली, मांसाचा मोठा गोळा दुपारपर्यंत निम्मा झालेली कुठलीही टपरी ताजी असते.

हॉटेलात पाणी विकत मिळतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून ठेवा. बिलाच्या वेळी 'एकत्र की वेगवेगळं' असं विचारतात, वेगवेगळं सांगणं अजिबात वावगं नाही. बक्षिसी टेबलावर सोडत नाहीत: बिल 18.20 असेल तर नोट देताना 'त्स्वान्झिश' (वीस) म्हणा.

रिकाम्या बाटल्यांवर अनामत असते: काचेच्या बिअरच्या बाटलीला साधारण 8 सेंट, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला आणि डब्याला 25. दुकानात परत द्यायच्या नसतील तर कचरापेटीत टाकू नका, पेटीच्या बाजूला उभी ठेवा. त्या गोळा करून पोट भरणारी माणसं असतात, त्यांचे हात काचांत जाऊ नयेत.

कॅमेरा, खिसे आणि बाग

माणूस ओळखू येईल असा फोटो त्याला न विचारता प्रसिद्ध करणं जर्मनीत बेकायदा आहे. भित्तिचित्रं, इमारती, फळांचे ढीग टिपा. माणसांना 'डार्फ इश?' (काढू का?) विचारा. चौकातले नशेबाज, बागेतले विक्रेते, नमाजाला निघालेली माणसं, पोलिसी कारवाई यांच्यावर कॅमेरा रोखू नका; वाद झालाच तर तो इथेच होतो.

पाकीटमार मुख्यतः यू-8 आणि यू-1 च्या गाड्यांत, दारं बंद होता होता. रात्री रस्त्यावर एक हसरा तरुण खांद्यावर हात टाकून नाचायला लागतो आणि फोन गायब होतो. या प्रकाराला तिथे स्वतंत्र नावच आहे. कोणी अंगाशी आला की आधी हात खिशावर, हसणं नंतर.

गोर्लित्सर पार्कात दिवसा मुलं खेळतात, लोक कोळशावर मांस भाजतात, आणि वाटांच्या कडेला विक्रेते उभे असतात. ते हळूच काहीतरी पुटपुटतात. मान हलवून चालत राहा, पुन्हा विचारत नाहीत. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढांनी थोडा गांजा बाळगणं गुन्हा राहिलेला नाही, पण बागेतली विक्री आजही बेकायदा आहे आणि गांजा पिकवायची परवानगी असलेल्या मंडळांचं सदस्यत्व पर्यटकांना मिळत नाही. 'इथे तर चालतं' म्हणून घेऊ नका. अंधार पडल्यावर बागेतून आडवी वाट न धरता बाहेरच्या रस्त्याने, दिव्यांखालून जा.

परत जाताना

शुक्रवार-शनिवारी रात्रभर भुयारी गाड्या चालतात. इतर रात्री साधारण एक ते साडेचारच्या दरम्यान त्या बंद असतात आणि त्याच मार्गांवर एन अक्षराच्या बसा धावतात: यू-8 च्या जागी एन-8, यू-7 च्या जागी एन-7. त्यांचे थांबे स्टेशनाच्या आत नसतात, वर रस्त्यावर असतात. हर्मानप्लात्सला ते चौकाच्या वेगवेगळ्या बाजूंना विखुरलेले आहेत, म्हणून आपला थांबा दिवसा एकदा पाहून ठेवा. एम-29 आणि एम-41 या बसा रात्रीही असतात. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, तेव्हा तिकीट आधीच मोबाइलवर घ्या किंवा शिक्का न मारलेलं कागदी तिकीट एक जादा जवळ ठेवा आणि चढल्याबरोबर त्यावर शिक्का मारा.